सहा फिती आणि एक नाव

जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यातील एका लहान संग्रहालयात मी वस्तूंच्या नोंदणीचे काम करतो. जुनी घरे रिकामी करताना माळ्यावर, ट्रंकेत किंवा शिवणाच्या डब्यात जे सापडते ते पुष्कळदा आमच्याकडे येते, आणि त्यात महायुद्धांच्या काळातील लष्करी वस्तू हमखास असतात. अशाच एका देणगीत एका वृद्ध बाईंनी वडिलांच्या मागे राहिलेल्या सामानाबरोबर एक रिबन बार आणून दिला. वडिलांचे काका घोडदळात अधिकारी होते आणि ही पट्टी त्यांचीच, असे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. नोंदवहीत त्या काकांचे नाव लागावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

रोजच्या गणवेशावर पदके लटकवणे सोयीचे नसते, म्हणून प्रत्येक पदकाच्या फितीचा छोटा तुकडा एका पट्टीवर ओळीने बसवून ती छातीवर लावतात; आपल्याकडच्या सैनिकांच्या गणवेशावरही ती दिसते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश पदकांच्या कडेवर बहुधा सैनिकाचे नाव कोरलेले असते, त्यामुळे मालक शोधणे तुलनेने सोपे जाते. जर्मन पदकांवर सहसा नाव नसते आणि फितीवर तर ते असण्याचा प्रश्नच येत नाही. मालकाचे नाव लागले की अशा वस्तूची किंमत बाजारात कितीतरी वाढते. त्यामुळे नुसत्या तर्कावर नावे चिकटवलेल्या पट्ट्या सर्रास विकल्या जातात, आणि एकदा चिकटलेले चुकीचे नाव पुढे पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही. खोटे नाव लागण्यापेक्षा वस्तू निनावी राहिलेली बरी, असे माझे ठाम मत आहे.

पट्टी तळहातावर मावेल एवढी होती आणि तिच्यावर सहा फिती होत्या. पहिली काळी, कडांना पांढरे पट्टे असलेली: १९१४ चा आयर्न क्रॉस, दुसरा वर्ग. दुसरी पांढरी, कडेला निळ्या-काळ्या रेषा आणि वर तलवारींचे बारीकसे चिन्ह: बव्हेरियाचा युद्धकाळातील लष्करी गुणगौरव. तिसरी काळ्या-पांढऱ्या-लाल रेषांची, तीवरही तलवारी: १९३४ साली सुरू झालेला महायुद्धाचा सन्मान-क्रॉस, जो आघाडीवर लढलेल्यांना तलवारींसह मिळत असे. चौथी आणि पाचवी फीत निळी आणि दोन्हींवर सोनेरी गरुड. सहावी लाल, दोन्ही कडांजवळ पांढरी रेघ असलेली. मागचे कापड निळसर करड्या रंगाचे लोकरी होते आणि टाचणीजवळ त्याला गंजाचा डाग पडला होता. अतिनील दिव्याखाली धरल्यावर पांढरे धागे मंदच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कापडात आणि धाग्यात उजळ दिसण्यासाठी घातलेली रसायने असतात आणि ती या दिव्याखाली झगझगतात. तेवढ्यावरून वस्तू जुनीच आहे असे सिद्ध होत नाही, पण अलीकडे जुळवलेल्या बनावट पट्ट्या बऱ्याचदा इथेच उघड्या पडतात.

आयर्न क्रॉसचा दुसरा वर्ग सुमारे ५० लाख जणांना मिळाला आणि तलवारींचा सन्मान-क्रॉस ६० लाखांहून अधिक जणांना, त्यामुळे या दोन फिती माणसाबद्दल फारसे काही सांगत नाहीत. बोलले ते मागचे कापड आणि गरुड. दोन्ही गरुड उडत्या पंखांचे होते. ते वायुदलाचे, म्हणजे लुफ्तवाफचे चिन्ह. निळसर करडे कापडही वायुदलाच्या गणवेशाचेच. घोडदळातील काकांची गोष्ट इथेच डळमळू लागली. निळ्या फिती १६ मार्च १९३६ रोजी सुरू झालेल्या सेवापदकांच्या. ही पदके ४, १२, १८ आणि २५ वर्षांच्या सेवेसाठी होती, एका वेळी त्यांतली दोनच लावता येत आणि सोनेरी होती ती १२ व २५ वर्षांची. दोन सोनेरी गरुड म्हणजे २५ वर्षांची सेवा. व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य १ लाखावर आणि त्यातील अधिकारी ४ हजारांवर आणले होते, आणि वायुदलाला तर बंदीच होती. असे असूनही २५ वर्षे भरली याचा अर्थ हा माणूस १९१९ नंतर घरी गेला नसावा; तो त्या लहान सैन्यात किंवा पोलिसांत टिकून राहिला असावा आणि पुढे वायुदलात घेतला गेला असावा. पट्टीवर १९३८ मधल्या ऑस्ट्रिया किंवा सुडेटनलँडच्या मोहिमांची पदके नाहीत आणि १९३९ नंतरचे काहीच नाही. त्यामुळे ती १९३६ ते १९३८ च्या दरम्यान केव्हातरी शिवली गेली असावी, असा माझा अंदाज झाला.

राहिली सहावी फीत. जर्मनीत लाल-पांढऱ्या फिती हांबुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तीन शहरांच्या युद्ध-क्रॉसच्याही आहेत, आणि घाईत पाहणारा यातही हांबुर्ग पाहील. पण फितींचा क्रम इथे साक्ष देतो. जर्मन राज्यांचे युद्धसन्मान सन्मान-क्रॉसच्या आधी लावत, सेवापदके त्यानंतर आणि परदेशी सन्मान सर्वांत शेवटी. सेवापदकांच्याही मागे बसलेली लाल फीत जर्मन असू शकत नव्हती. ती पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढलेल्या ऑटोमन (तुर्की) साम्राज्याच्या युद्धपदकाची होती. जर्मन कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘आयझर्नर हाल्बमोंड’, म्हणजे लोखंडी चंद्रकोर, असा येतो.

बव्हेरिया, तुर्की आणि विमानदल हे तीन शब्द एकत्र आले की पॅलेस्टाइनची आठवण होणे अपरिहार्य आहे. बव्हेरियाची ३०४ क्रमांकाची विमान तुकडी १९१७ मध्ये तिथे गेली आणि तिने आकाशातून त्या प्रदेशाची छायाचित्रे घेतली. त्यांतली अडीच हजारांहून अधिक आजही म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारात आहेत, आणि त्या भूमीच्या जुन्या रूपाचा अभ्यास करणाऱ्यांना ती अनमोल वाटतात. याच आघाडीवर २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सच्या घोडेस्वारांनी हैफा जिंकले होते. दिल्लीतील तीन मूर्ती स्मारक ज्यांच्यासाठी उभे आहे त्या फौजा आणि माझ्या टेबलावरची ही पट्टी एकाच लढाईच्या दोन बाजूंची असावीत, या विचाराने मी त्या दिवशी खरोखर हेलावलो.

आमचे नशीब असे की माणूस बव्हेरियाचा होता. प्रशिया या सर्वांत मोठ्या जर्मन राज्याचा असता तर शोध बहुधा इथेच थांबला असता, कारण पॉट्सडॅमचे सैन्य-अभिलेखागार १४ एप्रिल १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाले आणि प्रशियाच्या सैनिकांची बहुतेक सेवापत्रके त्यात गेली. बव्हेरियाचे युद्ध मंत्रालय पहिल्या महायुद्धापर्यंत वेगळे होते आणि त्याचे कागद म्युनिकमध्येच राहिले. लेओनरोडश्ट्रासेवरच्या वाचनकक्षात अधिकाऱ्यांची वैयक्तिक फाइल मागवता येते, फक्त नाव ठाऊक असावे लागते. म्हणून आधी तुकडीच्या कागदांतून अधिकाऱ्यांची नावे काढली आणि मग एकेकाची फाइल उघडत गेलो.

या फाइली कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत. पुण्यात मोडी शिकताना एकेका कारकुनाच्या वळणाला सरावल्याशिवाय मजकूर उलगडत नसे, तसेच कुरेंटचे आहे. पहिले पान छळते आणि दहावे बोलू लागते. प्रत्येक फाइलमध्ये सन्मानांचा रकाना आणि त्यापुढे तारखा. मला हवा होता असा माणूस, ज्याच्या रकान्यात पट्टीवरचे युद्धकाळातले तिन्ही सन्मान (आयर्न क्रॉस, बव्हेरियाचा गुणगौरव आणि तुर्की पदक) असतील आणि चौथा नसेल, कारण मिळालेला सन्मान पट्टीवर न लावणारा अधिकारी विरळाच. एकाला ऑस्ट्रियाचा लष्करी गुणगौरव क्रॉसही होता, तो वगळला. एक पॅलेस्टाइनमध्येच पडला. काहींनी युद्ध संपताच सैन्य सोडले. शेवटी एक निरीक्षक-अधिकारी (विमानातून टेहळणी करणारा) उरला, ज्याचे तिन्ही सन्मान जुळत होते आणि ज्याच्या फाइलच्या अखेरीस नव्या सैन्यात घेतल्याची नोंद होती.

पण एकच नाव उरले याचा अर्थ तेच खरे असा होत नाही. लष्करी सल्लागार म्हणून तुर्कीत गेलेले इतर बव्हेरियन अधिकारी होते, आणि तुकडीची माझ्या हाती आलेली यादी पूर्ण आहे याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. म्हणून नोंदवहीत मी ‘संभाव्य’ असा शेरा लिहिला आणि देणगीदार बाईंना फोन केला. काकांच्या नावाऐवजी मी वेगळेच आडनाव सांगितले तेव्हा त्या काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ते तर माझ्या आजीचे माहेरचे आडनाव. आजीचा एक भाऊ विमानात होता, पण त्याच्याबद्दल घरात फारसे कोणी बोलत नसे.” पुढच्या भेटीला त्या आजीचा अल्बम घेऊन आल्या.

त्यात एका लग्नाचे छायाचित्र होते, मागे पेन्सिलीने १९३७ लिहिलेले. दुसऱ्या रांगेत वायुदलाच्या गणवेशात एक मध्यमवयीन माणूस आणि त्याच्या छातीवर एका ओळीत सहा फितींची पट्टी. भिंगाखाली चौथी आणि पाचवी फीत जवळजवळ पांढरी दिसत होती आणि सहावी जवळजवळ काळी, कडांजवळ उजळ रेघा असलेली. आधी हे विसंगत वाटते, पण त्या काळी वापरात असलेल्या एका प्रकारच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे आणि निळा फार उजळ दिसे. निळी फीत फिकट आणि लाल फीत काळी, हेच तिथे अपेक्षित होते. क्रम पूर्ण जुळत होता. छायाचित्राखाली आजीच्या अक्षरात भावाचे पहिले नाव होते, आणि तेच फाइलवर होते.

‘संभाव्य’ हा शब्द मी त्या दिवशी खोडला आणि त्यासमोर पुरावा लिहिला: फाइल, अल्बम, छायाचित्रावरचे वर्ष. बाईंना मी एक गोष्ट स्पष्ट सांगितली की हा माणूस पॅलेस्टाइनच्या छायाचित्रांपाशी थांबलेला नाही. गरुडांच्या पंजात स्वस्तिक आहे, तो त्या राजवटीचा अधिकारी होता, आणि जर्मन कायद्याप्रमाणे ही पट्टी मांडायची तर ते सगळे सांगूनच मांडावी लागेल. वायुदलाचे बहुतेक दप्तर १९४५ मध्ये नष्ट झाले, तरी वेरमाख्टच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन सैन्यदलांच्या, सैनिकांची जी कार्डे आणि कागद उरले आहेत ते २०१९ पासून संघीय अभिलेखागाराकडे आहेत. तिथे अर्ज करायचा का, हे मी त्यांच्यावर सोडले. त्यांनी अर्जावर तिथेच सही केली आणि जे काही निघेल ते नोंदवहीत याच नावाखाली पूर्ण लिहावे, असे सांगितले. अर्ज गेला आहे. उत्तरासाठी नोंदीखाली अर्धे पान मोकळे ठेवले आहे.