आमची वाटचाल : गुऱ्हाळाच्या पट्ट्यापासून स्पोर्ट्‌स कारपर्यंत

सांगलीत माधवनगर रोडला वडिलांचं पत्र्याच्या शेडमधलं दुकान होतं. विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. ऐन हंगामात एखाद्या गुऱ्हाळाचं इंजिन बसलं, तर शेजारच्या मळ्यातलं इंजिन ट्रॉलीत घालून आणायचे, पट्टा चढवायचे, की तासाभरात घाणा सुरू. काहिलीत रस उकळत असताना थांबून चालायचं नाही. हे काढलं, ते लावलं. इंजिनाचं काम एवढंच असतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

कुपवाड एमआयडीसीत स्वतःचं गॅरेज काढल्यावर कोल्हापूरचे एक गृहस्थ सॅन स्टॉर्म घेऊन आले. दोन सीटची, फायबर बॉडीची, आपल्या देशात बांधलेली स्पोर्ट्‌स कार. आत रेनॉचं ११४९ सीसीचं, साठ हॉर्सपॉवरचं इंजिन. ऑइल पीत होतं आणि पार्ट मिळत नव्हते. "मारुती एस्टीमचं इंजिन बसेल का, मेस्त्री?" १२९८ सीसी, पंच्याऐंशी हॉर्सपॉवर, पार्ट गल्लोगल्ली. मी टेप लावली आणि हो म्हणालो.

इंजिन बसलं. माउंटिंग नवी केली, वायरिंग आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) एस्टीमचंच घेतलं. गिअरबॉक्स मात्र स्टॉर्मचाच ठेवला, कारण अ‍ॅक्सल त्याचेच होते. पट्ट्यावरचं इंजिन बोटभर इकडेतिकडे असलं तरी घाणा फिरतो. गाडीत इंजिनाचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, आणि गिअरबॉक्सच्या तोंडाचा इनपुट शाफ्ट एका रेषेत लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी मधली प्लेट आम्ही २० मिमी अ‍ॅल्युमिनियमची केली, पण डॉवेल पिना, म्हणजे भोकात घट्ट बसून जागा पक्की करणाऱ्या पिना, घातल्या नाहीत. बोल्ट घट्ट आहेत, मग पिना कशाला, असा माझा हिशेब. बोल्ट आवळून धरतो. भोकात तो थोडा ढिलाच असतो, सेंटर पिनच धरते. आठवड्यात गाडी परत आली. न्यूट्रलमध्ये खर्रखर्र आवाज, क्लच दाबला की गप्प. इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं होतं. क्रँकवर डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र) लावून बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाच्या, भोकाभोवती हातानं एक फेरा दिला. काटा ०.४ मिमी फिरला. ०.१३ मिमीच्या वर जाऊन चालत नाही. दुरुस्ती माझ्या खर्चानं केली, पिना घातल्या, आणि मग गाडी अशी पळाली की ते गृहस्थ अंकली पुलापर्यंत जाऊन हसत परत आले.

पण आरटीओत पासिंग झालं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला तेव्हा कळलं: कंपनीनं दिलेल्या आणि आरसी बुकात लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या परवानगीनं बदलता येतं. सीएनजी किटचीही सोय आहे. दुसऱ्या कंपनीचं, जास्त ताकदीचं इंजिन रस्त्यावरच्या गाडीत नाही. मी एस्टीमचं इंजिन उतरवलं, जुनं रेनॉ इंजिन बोअर केलं, लायनर घातले, पिस्टन जुळवून आणले. दीड महिना गेला. त्या दीड महिन्यानं आमच्या गॅरेजला खरा धंदा शिकवला: गाडीचं स्वतःचं इंजिन पुन्हा उभं करणं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हे शिकणं उपयोगी पडलं. पाणी ओसरल्यावर लोकांनी चावी फिरवली. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकले. त्याच मॉडेलची इंजिनं शोधून, नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून आम्ही गाड्या परत दिल्या. त्या महिन्यात पोरं गॅरेजातच झोपत होती.

स्पोर्ट्‌स कारमध्ये दुसरं इंजिन बसतं का, असं आजही पोरं विचारायला येतात. बसतं. एसी कंपनीच्या 'एस' (Ace) या ब्रिटिश गाडीत १९६२ मध्ये अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बी यांनी फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन घातलं आणि तिची कोब्रा झाली. १९६४ च्या सनबीम टायगरमध्ये तसलंच व्ही-८ इतकं चेपून बसवलं होतं, की मागच्या एका स्पार्क प्लगसाठी केबिनमधून फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) भोक ठेवावं लागलं. आपल्याकडे रेसिंग गाड्या बांधणाऱ्या करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनावर एका सीटची फॉर्म्युला मारुती बांधली. कोईमतूरच्या ट्रॅकला त्यांचंच नाव आहे. मात्र जड इंजिन पुढे आलं की स्प्रिंग, ब्रेक, रेडिएटर सगळं बदलावं लागतं. तो खर्च मी आधी कागदावर मांडून देतो. बरेचजण तिथेच थांबतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

ट्रॅकसाठी, ट्रेलरवरून नेणार असाल, तर आम्ही आनंदानं करतो. स्टॉर्ममधून उतरवलेलं एस्टीमचं इंजिन अशाच एका गाडीत गेलं. तिची प्लेट बसवताना डायल मीच फिरवला. ते काम अजून कुणाच्या हाती दिलेलं नाही.