सफेद तीनचा दुसरा बळी

अरबी मकाम (त्यांचे राग म्हणा) वाजवता यावेत म्हणून मी माझ्या हार्मोनियमच्या सफेद तीनचा, म्हणजे तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, सूर पन्नास सेंट उतरवतेय (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). काल रात्री साडेअकराला 'टिंग' असा बारीक आवाज झाला आणि खर्जाच्या (खालच्या सप्तकाच्या रीडसंचातल्या) सफेद तीनची पत्ती मुळाशी तुटली. मागच्या वेळी मी तोऱ्यात लिहिलं होतं की उणे ३८ सेंटपर्यंत उतरले, आता फक्त बारा राहिले. ते बारा राहिलेच.

चूक माझीच. सूर उतरवायला पत्ती मुळाशी खरवडावी लागते आणि पन्नास सेंट म्हणजे बरंच पितळ जातं. मूळ बारीक झालं की पत्ती आधी आळशी होते, भाता मारल्यावर बोलायला वेळ लावते. हा इशारा मला मिळाला होता, मी तो 'हवेचा दोष' म्हणून झटकला. पहिला बळीही असाच गेला होता. त्यात नवे रीड इतक्या मऊ पितळेचे येतात की ब्लेड टेकवलं तरी पाच सेंट जातात. जुन्या जर्मन रीडला मात्र हात लावायची माझी छाती नाही.

नरातली (खर्जाच्या वरच्या संचातली) सफेद तीन शाबूत आहे, उणे ४७! सुटी असताना ट्यूनरवर उणे ४३ दाखवत होती, पेटीत बसवल्यावर आणखी उतरली. सा सफेद दोन धरून बयाती या मकामाची चढण घेतली आणि तो कोमल-शुद्धच्या मधला रे लागला तेव्हा अंगावर काटा आला. पेटीवाले काका ऐकून म्हणाले, "बाई, चांगली सुरातली पेटी बेसूर करायला एवढे कष्ट?"

काकांना काय सांगू? कैरोतही हेच झालं होतं. १९३२च्या तिथल्या अरब संगीत परिषदेत (हंगेरियन संगीतकार बार्टोकही आला होता) सप्तकाचे चोवीस सारखे भाग मानायचे का, पियानोला घरात घ्यायचं का, यावर विद्वानांची जुंपली होती. पण पुढे अकॉर्डियनवाल्यांनी सरळ आपल्या वाद्याचे रीड पाव सुरांवर लावून घेतले. कैरोच्या मोहम्मद अली रस्त्यावर एकेकाळी वाद्यांची दुकानं, वादक आणि लग्नात नाचणाऱ्या 'अवालिम' बायका, सगळे एकाच वस्तीत असत. बलदी (इजिप्तच्या लोकढंगातलं) तकासीम, म्हणजे तिथल्या तिथे रचलेली आलापी, ऐकताना मला तो शेजार ऐकू येतो. आधी अकॉर्डियन एकटाच रेंगाळतो, मग तबला (त्यांचा, डमरूच्या कमरेचा) शिरतो आणि चक्क सवालजवाब रंगतो. नर्तकी त्या श्वासावर उभी. इजिप्तची नर्तकी फीफी अब्दू बलदीत जवळजवळ जागची न हलता सगळं सांगते, ते मागच्या माणसांच्या भरवशावर. हसन अबू अल-सऊद यांचं अकॉर्डियन ज्यांनी ऐकलंय त्यांना हा भाता कसा बोलतो ते वेगळं सांगायला नको.

आणि पन्नास हा आकडाही माझ्याच डोक्यातला हट्ट आहे. बयातीतला तो सूर रास्त या दुसऱ्या मकामातल्यापेक्षा जरा खालीच लावतात. मग नराचे ४७ सोडून आणखी उतरवू? नको. दोन बळी पुरेत.

थांबा. मी उतरवतेय कशाला? शेजारच्या, अर्धा सूर खालच्या काळी दोनचा रीड सफेद तीनच्या घरात बसवून *चढवला* तर? चढवायला टोक खरवडायचं, मुळाला हातच नाही!

उठून बघून आले. खर्जाच्या काळी दोनची चौकट त्या घरात बसते, किंचित सैल आहे, खाली कागदाची पट्टी लागेल. तिच्या मूळ घरातून काळी दोन जाईल, म्हणजे खर्जात तो सूर लागणाऱ्या हिजाज मकामाची बोंब. पण नराची काळी दोन आहेच, आणि नॉब आत ढकलून खर्ज बंद ठेवला की काम भागेल. डॉ. विद्याधर ओकांच्या २२ श्रुतींच्या संवादिनीची आठवण झाली. तिथे सुरेख यंत्रणा आहे, इथे कागदाची पट्टी.

उद्या उजेडात ब्लेड घेते. कोणाकडे खर्जाची काळी दोन जादा पडली असेल तर कळवा, गुजरातेतल्या पालिताण्यात बनलेलीही चालेल.