ताईसाठी भरतकामवाले काऊबॉय बूट

ताई पन्नाशीची होतेय आणि यंदा ती पहिल्यांदाच डॅलसला आमच्याकडे येतेय, म्हणून म्हटलं इथलंच काहीतरी द्यायचं, मग शनिवारी जवळच्या फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्समध्ये, म्हणजे जुन्या गुरांच्या बाजारात, काऊबॉय बूट बघायला गेले आणि तीन तास कसे गेले कळलंच नाही. बुटाच्या नळीवरची, म्हणजे घोट्याच्या वरच्या उंच भागावरची, ती नक्षीदार शिवण नुसती शोभेची नाही बरं का, तिच्यामुळे चामडं ताठ राहतं, नळी घोट्यावर गोळा होत नाही. दोऱ्याच्या रांगा वाढल्या की मेहनत वाढते आणि किंमतही. आत हात घालून बघा, अस्तर चामड्याचं असेल तर उत्तम.

खरं टेन्शन मापाचं! लेस नसते ना, सगळी पकड पावलाच्या वरच्या उंचवट्यावर, तिथे नीट घट्ट हवं, टाच सुरुवातीला थोडी उचलली तरी चालतं, सोल वाकायला लागला की ते कमी होतं. भाचीने गुपचूप ताईचं पाऊल कागदावर आखून, बाजूला पट्टी ठेवून फोटो पाठवला. पाऊल पुढे रुंद, म्हणून टोकदार सोडून चौकोनी टोकाचेच घेतले, तपकिरी, त्यावर लाल गुलाबांची वेल. आईच्या जुन्या शालीवर अगदी तश्शीच होती.