तिसरी ट्यूब

गणितात वर्गात पहिला येणारा मुलगा चाळिसाव्या मिनिटाला पेपर टेबलावर ठेवून निघून गेला. सोडवलेले प्रश्न दोनच. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला, "मॅडम, डोक्यावर पांघरूण घेऊन बसलाय. बोलतच नाही."

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या परीक्षेची व्यवस्था आमच्या कॉलेजात माझ्याकडे आहे. हा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. त्याच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, होतं आणि तासाला 20 मिनिटं या हिशेबाने तीन तासांच्या पेपरला मी तासभर वाढवून घेतला होता. आणखी काय करायचं राहिलं, तेच कळेना.

पुढच्या पेपरला चार दिवस होते. त्याला घेऊन मी त्याच खोलीत गेले. रिकामी खोली. त्याने वर पाहिलं. "तिसरी ट्यूब." जुन्या चोकची ती गुणगुण मला खाली उभं राहिल्यावर ऐकू आली. पंखा प्रत्येक फेरीला टक् करत होता. सुपरवायझर मागून येऊन सही करतात, तेव्हा दचकायला होतं, म्हणाला. आणि दाराबाहेरची घंटा.

"ती कधी होणार हे माहीत असलं तर चालतं, मॅडम. नसलं की मी तिचीच वाट बघत बसतो."

त्या खोलीत मी त्याला आणखी एक तास बसवणार होते. अजून आठवलं की वाईट वाटतं.

वेगळ्या खोलीसाठी बरीच वादावादी झाली. "एकासाठी केलं की उद्या सगळे मागतील," हे मला तीनदा ऐकावं लागलं. ज्यांना गरज आहे त्यांनी मागावंच, असं मी म्हटलं. शेवटी ग्रंथालयामागची खोली मिळाली. खिडकीचा उजेड पुरेसा होता, ट्यूब लावलीच नाही. हेडफोनला परवानगी नव्हती, म्हणून कानात घालायचे फोमचे बोळे आणले. सही समोरून आणि आधी सांगून करायची, असं सुपरवायझरना समजावलं. घंटेच्या वेळा शिपाईमामांनी स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून त्याच्या बाकावर चिकटवल्या.

त्या दिवशी त्याने दोनदा पुरवणी मागितली. सव्वातीन तासांनी बाहेर आला, कानातले बोळे काढले आणि मामांकडे गेला.

"साडेबाराची घंटा दोन मिनिटं उशिरा झाली."

मामांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्याच्या मोबाईलशी वेळ जुळवून घेतली.