बास आणि क्रॅपीला एकच रॉड: क्रॅपी सुटायच्या थांबल्या!

मंडळी, अखेर जमलं! बास आणि क्रॅपी हे गोड्या पाण्यातले दोन्ही मासे एकाच रॉडवर पकडायचे, हाच माझा खटाटोप होता. सुरुवात मागच्या अपडेटमधल्याच सेटअपने केली, सात फुटी मीडियम-लाइट (मध्यमापेक्षा हलक्या ताकदीचा) फास्ट रॉड, २५०० साइजचं रील, १० पाउंड ब्रेड (विणलेली लाइन) आणि पुढे ६ पाउंड फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे हूककडचा शेवटचा तुकडा. बासला झकास, पण क्रॅपी हातात यायच्या आधीच निम्म्या सुटायच्या. काल संध्याकाळी टेक्सासमधल्या लुइसव्हिल लेकला डॉकवर एकामागून एक क्रॅपी वर आल्या आणि त्याच रॉडवर मधेच एक जाडजूड लार्जमाउथ बासही आला, म्हणून झोपायच्या आधी लिहून काढतोय.

दुखणं तुम्हाला माहितीये. क्रॅपीचा ओठ म्हणजे कांद्याचा पापुद्रा. ब्रेड ताणत नाही, फास्ट रॉड फक्त शेंड्याला वाकतो, त्यामुळे माशाचा प्रत्येक झटका थेट ओठावर बसतो, भोक मोठं होतं आणि लाइन जराशी सैल पडली की हूक बाहेर. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लाइट पॉवरचा, म्हणजे आणखी मऊ रॉड सुचवला होता म्हणून मित्राचा लाइट रॉड मागून आणला. क्रॅपीला स्वर्गसुख! पण नेड रिगवर (छोट्या वजनदार हेडच्या हूकवर मऊ प्लास्टिकचं आमिष) बास लागला की रॉड मुठीपर्यंत वाकतो आणि हूक काही जबड्यात शिरत नाही, वर तो डॉकच्या खांबात घुसायला लागला की वळवणार कसा, रॉडला बॅकबोन, म्हणजे खालच्या भागात ताकद नको का?

बरेच दिवस मी रॉडच्याच मागे होतो, मॉडरेट-फास्ट (शेंड्याच्या जरा खालपर्यंत वाकणारा) शोधत होतो. (एका ऑनलाइन दुकानाने मीडियम-लाइट सांगून चक्क मीडियम पाठवला आणि परतीचा खर्च माझ्याच माथी मारला. रॉड दुकानात जाऊन, हातात घेऊन, वाकवून बघितल्याशिवाय घेऊ नका हे माझं ठाम मत.) मग डोक्यात आलं की हूकची वायर बघू. जाड वायरचा हूक घुसवायला जोरदार झटका लागतो, आणि तोच झटका क्रॅपीचा ओठ फाडतो. बारीक वायरचा धारदार हूक नुसत्या दाबाने आत जातो. म्हणून नेडची सगळी हेड्स बारीक वायरची घेतली, क्रॅपीच्या १/१६ औंस जिगला (हूकवर वजन जडवलेलं छोटं आमिष) ४ नंबरचा बारीक वायरचा ॲबरडीन हूक. आता दोन्ही माशांना हाताची हालचाल एकच: झटका नाही, वजन जाणवलं की रॉड वर उचलायचा आणि रील फिरवत राहायचं.

काल हे फार छान दिसलं. क्रॅपी खालून वर येऊन घेते, त्यामुळे टिचकी लागायच्या ऐवजी लाइन अचानक सैल पडली, जणू जिग तळाला टेकला, पण तिथे खाली अजून बरंच पाणी होतं. रॉड उचलला, शेंडा हळूच वाकला, आणि हूक वरच्या ओठात मधोमध, भोक हूकएवढंच! दहा इंचांच्या वरच्या तेवढ्या ठेवल्या.

लीडरही बदललाय. फ्लोरोकार्बन काढून ६ पाउंड मोनो (साधी नायलॉन लाइन) लावली आणि लांबी दहा-बारा फुटांवर नेली, ती ताणते तेवढा झटका खाते. फक्त आता ब्रेड-लीडरची गाठ गाइड्समधून (रॉडवरच्या कड्यांमधून) जाते, डबल युनी गाठ कास्टच्या वेळी शेंड्याला खट्कन अडते. एफजी गाठ बारीक आहे, सटकन निघून जाते, पण थंडीत वाऱ्यात ती बांधायची म्हणजे परीक्षाच. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं, गाठच कशाला? रीलला दुसरा स्पूल घेतो, त्यावर सरळ ६ पाउंड मोनो, क्रॅपीच्या दिवशी तो चढवायचा. म्हणजे मॉडरेट-फास्ट रॉडची खरेदी तूर्त रद्द!

१/१६ चा जिग या रॉडवर जातो का, हे विचारलं होतं कोणीतरी. रॉडवर आमिषाचं वजन १/८ ते १/२ औंस छापलंय, पण १० पाउंड ब्रेड जाडीला २ पाउंड मोनोएवढीच असते त्यामुळे आरामात जातो. १/३२ ला फ्लोट लावावाच लागतो. रील घेताना बेअरिंग मोजत बसू नका, ड्रॅग (मासा ओढेल तशी लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) सुटताना अडखळत नाही ना तेवढं बघा. मी सव्वा पाउंडाच्या आसपास ठेवतो, बास पळाला तर स्पूलला तळहात लावायचा. शिमानो सेडोना या कामाला एकदम पुरेसं आहे.

हलक्या सेटअपवर मोठा बास येत नाही म्हणणाऱ्यांनी लेक फोर्क आठवावं. जानेवारी १९९२ मध्ये बॅरी सेंट क्लेअर तिथे क्रॅपीच पकडत होता, गळाला मिनो हा छोटा मासा, आणि वर आला १८.१८ पाउंडचा बास! टेक्सासचा रेकॉर्ड. फ्रॉग (बेडकाच्या आकाराचं आमिष) आणि जाड हूकवालं टेक्सास रिग (हूकचं टोक मऊ आमिषात लपवलेलं) मात्र या रॉडवर नाहीच, ते ज्यांना हवंय त्यांनी दुसरा रॉड घ्यावा.

स्पूल आला की रे रॉबर्ट्स लेकला बुडालेल्या झाडांत मोनो लावून बघणार. बारीक वायर तिथे मोठ्या बासला सरळ होते का, हा एकच प्रश्न उरलाय, कोणी तिथे वापरली असेल तर हूकचा नंबर नक्की सांगा.