आमची वाटचाल : मेण, कानस आणि थोडा धीर

आमच्या स्नोबोर्ड दुरुस्तीच्या वर्कशॉपची सुरुवात एका टेबलावर झाली. बोर्ड घट्ट पकडून ठेवायला व्हाइसची (शिकंज्यांची) जोडी, मेण वितळवून लावायची इस्त्री, एक कानस आणि ब्रश, एवढंच भांडवल. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंही स्नोबोर्डवर, म्हणजे बर्फावरून घसरत जायच्या फळीवर, जीव टाकणारे. आपापले बोर्ड आम्ही घरीच सांभाळायचो. मग मित्रांचे बोर्ड यायला लागले, पाठोपाठ त्यांच्या ओळखीच्यांचे. टेबल रिकामं राहीना, तेव्हा आम्ही रीतसर धंदा मांडला.

सुरुवातीला बहुतेक काम मेणाचंच होतं, म्हणजे बोर्ड बर्फावर नीट सरकावा म्हणून तळाला मेण लावायचं, आणि आजही तेच जास्त आहे. बोर्ड आला की आधी तळ उजेडाकडे धरायचा. कडांलगत पांढरट, कोरडे पट्टे दिसले की ओळखावं, मेण संपून बरेच दिवस झालेत. वळताना सगळा दाब तिथे येतो, म्हणून तळ तिथूनच आधी सुकतो. बाइंडिंगचे (बूट अडकवायच्या पट्ट्यांचे) स्क्रू काढल्याशिवाय आम्ही इस्त्री लावत नाही, कारण स्क्रूमधून उष्णता आत ओढली जाते आणि तळाला खळगे पडतात. कपड्यांची इस्त्रीही चालत नाही. तिचा तवा पातळ असतो, ताप सतत वरखाली होतो. मेणातून धूर निघाला, तर इस्त्री फार तापलेली आहे. इस्त्री एका जागी थांबवायची नाही, ती पुढे सरकत राहावी आणि तिच्यामागे चार बोटं रुंदीचा ओला पट्टा दिसावा. अधूनमधून बोर्डाच्या वरच्या बाजूला हात लावून पाहायचा. कोमट लागला की पुरे.

मग थांबायचं. बोर्ड पूर्ण गार झाल्याशिवाय खरवडायला घेत नाही, गर्दीच्या दिवशीसुद्धा नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने नाकाकडून शेपटीकडे मेण खरवडलं, की ‘एवढं लावलं आणि सगळंच काढलंत?’ हा प्रश्न हमखास येतो. काम करतं ते तळात मुरलेलं मेण. वर राहिलेला थर उलट बोर्डाला धरून ठेवतो. शेवटी ब्रश मारून तळावरच्या बारीक रेघा मोकळ्या करायच्या, कारण ओल्या बर्फात पाण्याचा थर तळाला चिकटून ओढ लावतो आणि त्या रेघा ती ओढ मोडतात. कडाक्याच्या थंडीत बर्फाचे कण टोकदार असतात, ते मऊ मेणात रुततात, म्हणून तेव्हा कडक मेण. बर्फ पाणावला की मऊ.

आमच्या धंद्याला खरं वळण मिळालं ते तळ घासून सपाट करणाऱ्या दगडाच्या ग्राइंडरमुळे. एवढं महागडं यंत्र घेतलं की येईल तो बोर्ड त्यावर चढवावासा वाटणं साहजिक आहे. पण तळाचा पॉलिथिलीनचा थर असतो जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर, आणि पोलादी कडही फार जाड नसते. प्रत्येक ग्राइंडिंगमध्ये दोन्हींतून थोडं थोडं कायमचं जातं. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं : आधी सरळपट्टी लावून पाहायची, तळ खरोखर वाकलेला असेल किंवा रेघा झिजून गेल्या असतील, तरच दगड. वरवरच्या चऱ्यासाठी पी-टेक्सची, म्हणजे तळासारख्याच प्लॅस्टिकची, कांडी पेटवून, वितळवून भरली की भागतं. फक्त तिची ज्योत लहान आणि निळी ठेवावी, नाहीतर काजळी आत जाते आणि भरलेला भाग सुटतो. चरा आतल्या लाकडापर्यंत गेला असेल तर मात्र घाई नको. ओल पूर्ण वाळू द्यायची, मग इपॉक्सी आणि तळाचा तुकडा. यात आमची कमाई कमी झाली का? त्या-त्या दिवशी झाली. पण आमच्याकडचे कितीतरी बोर्ड वर्षानुवर्षं चालताहेत आणि त्यांचे मालक दर हंगामात येताहेत.

कडांचंही तसंच. रोजच्या बोर्डाला तळाकडून एक अंश आणि बाजूने एक-दोन अंश कोन पुरतो. आम्ही आधी बारीक दगडाने बर (कडेवर उठलेले धातूचे कंगोरे) काढतो, कानस अगदी शेवटी. रेलवर (घसरत जायच्या लोखंडी दांड्यांवर) खेळणाऱ्यांच्या कडा आम्ही मुद्दाम बोथट करतो, धारदार कड लोखंडात अडकली तर माणूस तोंडावर आपटतो.

फ्लोरिनचं मेण आम्ही हळूहळू बंद केलं. वेगाला त्याला तोड नव्हती, पण त्यातली रसायनं निसर्गात विरत नाहीत, आणि इस्त्रीचा धूर नाकात जायचा तो आमच्याच वर्कशॉपमधल्या मुलांच्या, टेबलापाशी उभं राहून काम करणाऱ्यांच्या. पुढे आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाने 2023-24 च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये त्यावर बंदी आणली. तोवर आमच्या फळीवर ते उरलेलं नव्हतं.

आता हंगाम संपताना आम्ही टेबल ग्राहकांसाठी मोकळं ठेवतो. ज्याने त्याने आपला बोर्ड आणावा, आमच्यादेखत धुवावा, पुसावा, कडांचा गंज रबरी दगडाने काढावा, जाड मेण लावावं आणि ते पुढच्या हंगामापर्यंत न खरवडता तसंच राहू द्यावं. बाइंडिंग सैल करून बोर्ड कोरड्या जागी, उन्हापासून आणि हीटरपासून लांब ठेवावा. बोर्ड आमच्याकडेच ठेवायचा असेल तरी चालेल, फक्त शेवटच्या आठवड्यात झुंबड उडते, त्याआधी आणून द्या.