उतरायचं नसतं

गाडीच्या समोरच्या काचेच्या कोपऱ्यातला, ऑइल बदलायची आठवण करून देणारा स्टिकर दोन महिने माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. शेवटी एका शनिवारी इथं न्यू जर्सीत ओक ट्री रोडला किराणा आणायला निघालो, तेव्हा मी अण्णांना म्हटलं, "जाता जाता ऑइल बदलून घेऊ. दहा मिनिटांचं काम."

"दहा मिनिटांत ऑइल गळतसुद्धा नाही पुरतं," अण्णा म्हणाले.

हे अनुभवाचे बोल होते. मिरजेत आमच्या मारुती ८०० चं ऑइल बदलणं म्हणजे रविवारची अख्खी सकाळ. ऑइल गॅरेजवाल्याकडचं घ्यायचं नाही, आपण दुकानातून आणायचं. डब्याचं सील तिथंच, उजेडात धरून तपासायचं. मग गॅरेजात, इंजिन कोमट आहे तोवर, खालचा नट काढायचा. अण्णा घमेल्याशेजारी उकिडवे बसत. आधी जाड काळी धार, मग ती बारीक होते, मग तुटते, मग थेंब, मग दोन थेंबांमधलं अंतर वाढत जातं. गॅरेजातला पोरगा कंटाळून नट लावायला पुढे झाला की अण्णांचा हात वर जायचा. "थांब रे, अजून आहे." बॅटरी धरायचं काम माझं. नवा डबा रिता झाला की अण्णा स्क्रूड्रायव्हरनं त्याच्या बुडाला भोक पाडत, म्हणजे त्यात कुणी डुप्लिकेट ऑइल भरून विकायला नको. जळकं ऑइल निम्मं गॅरेजवाल्याचं, निम्मं आमचं. फाटकाच्या बिजागऱ्या, परड्यातल्या लाकडी खांबांची वाळवी, आणि गल्लीत कुणाच्या घराचं बांधकाम निघालं असेल तर त्यांच्या सेंट्रिंगच्या फळ्या, असा त्याचा हिशेब ठरलेला असे.

आणि इथं? इथं ऑइल बदलायच्या दुकानात गाडी सरळ आत घ्यायची. जमिनीत लांबोडका खड्डा, त्याच्या दोन्ही कडांवर चाकं. समोर एक पोरगा विमानतळावरच्यासारखे हातवारे करत आपल्याला पुढे घेतो आणि मूठ मिटली की थांबायचं. मग तो खिडकीशी येतो, हातात टॅब्लेट, आणि पहिलंच वाक्य: गाडीतच बसा.

अण्णांनी तोवर दार अर्धं उघडलं होतं.

"अण्णा, उतरायचं नसतं."

"का?"

"खाली खड्डा आहे. पडाल."

दार लागलं. पण पटलं नाही. तसं या राज्यात गाडीतून न उतरण्याची त्यांना सवय झाली होती. न्यू जर्सीत स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे, १९४९ पासूनचा कायदा आहे, त्यामुळे पंपावर माणूस येऊन भरून देतो. हे अण्णांना पहिल्या दिवसापासून आवडलं होतं, मिरजेसारखंच आहे म्हणाले होते. पण पेट्रोलचं वेगळं. तिथं आकडे समोर फिरत असतात.

पायाखालून खडखड ऐकू येऊ लागली. खड्ड्यात दुसरा कुणीतरी होता. त्याचा चेहरा मी गेल्या सहा वर्षांत एकदाही पाहिलेला नाही. तो खालून ओरडतो, आणि वरचा कीर्तनातल्या टाळकऱ्यासारखा तेच पालुपद धरतो. खालून, "प्लग टाइट!" वरून, "प्लग टाइट!" खालून, "फिल्टर ऑन!" वरून, "फिल्टर ऑन!" यात हेतू चांगला आहे. नट लावायचा राहिला आणि वरच्यानं नवं ऑइल ओतलं तर ते सगळं खड्ड्यातल्याच्या डोक्यावर. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं," ते म्हणाले. "चार मिनिटांत गळलं?"

"गरम असतं ना, लवकर गळतं."

"मग जुनं निम्मं आतच."

मग नवं ऑइल. डबा नाही. छतावरून लोंबणारी नळी, तिच्या टोकाला पंपावरच्यासारखी बंदूक, तिच्यावर आकडा. टाकी कुठंतरी मागे असणार. सील बघायला डबा नाही, भोक पाडायला डबा नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर, परक्या गावात ताटात काय वाढलंय ते न कळलेल्या माणसाचा भाव होता.

बाजू मांडणं मला भाग होतं. आपल्या या कोरोलाला ०डब्ल्यू-२० लागतं, सिंथेटिक, मी सांगितलं. डब्ल्यू म्हणजे विंटर. जानेवारीत इथं पहाटे गाडी चालू करताना ऑइल पातळच हवं, तुमचं मिरजेतलं २०डब्ल्यू-४० असतं तर काकवीसारखं बसून राहिलं असतं. आणि काळं झालं म्हणजे वाया गेलं असंही नाही. ऑइलमध्ये साबणासारखी द्रव्यं असतात, ती काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळं दिसतं.

"म्हणजे धुणं धुतल्यावरचं पाणी," अण्णा म्हणाले. "ते काय कुणी ठेवून घेतं?"

तेवढ्यात पोरगा डिपस्टिक घेऊन खिडकीशी आला, पातळी बरोबर आहे हे दाखवायला. मी नुसती मान हलवते. अण्णांनी मात्र माझ्या पुढ्यातून हात लांब केला, काडीच्या टोकाला बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. पोरगा थबकला. "पाणी आहे गं हे," अण्णा मला म्हणाले. पोरग्यानं विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, छान आहे म्हणतात.

पुढचा अंक ठरलेला. एअर फिल्टर. तो काढून आणतात, त्याच्या घड्यांत एखादं वाळकं पान असतंच, आणि चेहरा असा करतात की डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरावा. मी एकटी असते तेव्हा कधी कधी हो म्हणून जाते, हे कबूल करते. अण्णांनी फिल्टर हातात घेतला, पान काढून खिशात ठेवलं, फिल्टर खिडकीबाहेर धरून दारावर दोनदा झटकला आणि परत दिला. "हवा मार म्हणावं, बास." याचं भाषांतर करावं लागलं नाही.

मग त्यांनी जुन्या ऑइलची चौकशी केली. मी विचारून सांगितलं: खाली टाकी आहे, गाडी येऊन घेऊन जाते, शुद्ध करून पुन्हा वापरतात, आणि थोडं हिवाळ्यात इथलीच भट्टी पेटवायला, दुकान उबदार ठेवायला. अण्णांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "असं होय," म्हणाले. "मग ठीक आहेत माणसं."

पैसे खिडकीतूनच दिले. दहा डॉलरचं कुपन होतं तरी तेवढ्या पैशांत मिरजेतल्या रविवारच्या किती सकाळी निघाल्या असत्या याचा हिशेब मी केला नाही, अण्णांनी केला. नवा स्टिकर लागला: पाच हजार माइल. गाडीचं पुस्तक या ऑइलला दहा हजार माइल किंवा एक वर्ष देतं. स्टिकर लावणाऱ्याला गाडीपेक्षा आपली आठवण जास्त येते, हे मला माहीत आहे आणि तरी मी सात हजारांच्या आसपास घाबरून जातेच.

किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये अण्णा गाडीतच थांबतो म्हणाले. मी डाळ, तांदूळ, कढीपत्ता घेऊन आले तर ते ग्लव्ह बॉक्समधलं पुस्तक मांडीवर घेऊन शेवटच्या कोऱ्या पानावर लिहीत होते. मारुतीच्या पुस्तकातही असंच लिहायचे, त्याच बारीक, डावीकडे झुकणाऱ्या अक्षरात. तारीख. माइल, खाली कंसात किलोमीटर. ऑइल ०डब्ल्यू-२०, ४.४ क्वार्ट, म्हणजे ४.२ लिटर. एअर फिल्टर: जुनाच, झटकला. आणि त्याखाली, ऑइल फिल्टर: नवा (म्हणे).